ताकद चार

कागद आधीच भरलेला होता. माझ्या खुर्चीसमोर, वर 'मामा' असं लिहून, नीट कडेला कड लावून ठेवलेला. कोपऱ्यात चित्रसुद्धा काढलं होतं. रुंद खांदे, खालच्या ओठातून वर आलेले दोन सुळे, हातात दाराएवढी ढाल. वंश अर्धदैत्य. काम ढालकरी. ताकद अठरा, काटकपणा सतरा, चपळाई बारा, शहाणपण आठ, बुद्धी सहा, छाप चार. खाली भाचीच्या गोल अक्षरात एक ओळ होती, की हा गेल्या खेळात मेलेल्याचा धाकटा भाऊ, थोरल्याचा सूड घ्यायला निघालाय. मी अजून चपला काढल्या नव्हत्या. चौघांनी टाळ्या वाजवल्या. मामाला आठवडाभर वेळ मिळत नाही म्हणून आम्हीच करून ठेवलं, असं भाची म्हणाली, आणि तिच्या तोंडावर असा आनंद होता की मी हसलो. माझ्या शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला माझा स्वतःचा कागद होता. आठ दिवस खपून केलेला. तो तिथं छातीला टोचत होता.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांना तो पोरकट वाटतो, वाटू दे. एकजण जग सांगतो, बाकीचे त्या जगात एकेक माणूस होऊन हिंडतात, आणि अडलं की फासे टाकतात. पण हिंडायच्या आधी तो माणूस घडवावा लागतो. कुठल्या वंशाचा, माणूस की लांब कानांचा एल्फ की ठेंगू की अर्धदैत्य, ते ठरवायचं. मग तीन ते अठरामधले सहा आकडे मिळतात, ते सहा गुणांवर वाटायचे, ताकदीपासून ते बोलून समोरच्यावर पाडायच्या छापेपर्यंत. आमच्या टेबलावरची पद्धत अशी की तुझ्या आकड्यांचे फासे तुझ्या डावीकडच्याने टाकायचे. म्हणजे वाईट आकडे आले तर नशिबाला शिव्या देत बसायला नको, शेजाऱ्याला देता येतात. टाकणारा दुसरा, पण वाटणारा मात्र तूच. कुठला आकडा कुठं ठेवायचा हे फक्त तुझं. सहा वर्षं मी या टेबलाशी दर रविवारी दुपारी बसतोय ते या एका गोष्टीसाठी, असं मला त्या आठ दिवसांत कळलं होतं. आणि सहा वर्षं मी काय वाटलं होतं? सगळ्यांत मोठा आकडा ताकदीला. दरवेळी. कोणी विचारायच्या आत.

आम्ही आमच्यातल्या डेंटिस्टच्या दवाखान्यात खेळतो, रविवारी तो बंद असतो. वाट बघायच्या खोलीतल्या खुर्च्या ओढून गोल करायचा. लवंगेच्या तेलाचा वास भिंतींत मुरलेला. डोंगर म्हणून प्लास्टरचे जबडे मांडायचे, त्यातल्या दाढांच्या मधून खिंडी जातात. जग सांगते ती बाई शाळेत रसायन शिकवते, तिला आम्ही मास्तरीण म्हणतो. तिसरा नकाशेवाला, मोजणीच्या कचेरीत रेघा मारतो. भाची माझ्या बहिणीची, तिनेच मला इथं आणलं, म्हणून मी सगळ्यांचा मामा. डेंटिस्ट माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे, तोही मला मामाच म्हणतो. मी साडेसहा फुटांना थोडा कमी आहे. दारातून आत येताना मी मान वाकवतो, दार उंच असलं तरी. पहिल्या दिवशी मी खुर्चीत बसलो तेव्हा खुर्ची करकरली आणि नकाशेवाला म्हणाला, चला, आपल्याला ढाल मिळाली. सगळे हसले, मीही हसलो, आणि तेवढ्यात माझा वंश ठरला.

मी चष्म्याच्या काचा घासतो. दुकानाच्या मागच्या खोलीत यंत्र आहे, तिथं. गोल काच येते, ती फ्रेमच्या आकाराला उतरवायची, कड घासायची, मध्य बरोबर बुबुळासमोर आणायचा. तिरक्या नंबराची काच दोन अंशांनी फिरली तरी माणसाला जिन्याची पायरी वाकडी दिसते आणि डोकं दुखतं, आणि कशानं दुखतं ते त्याला कधी कळत नाही. दोन अंश. ही माझी बोटं, केळ्याच्या घडासारखी, ती दोन अंश ओळखतात. पण पुढं काउंटरवर मालकाचा जावई बसतो, बारीक, चष्मा शोभणारा. मालक एकदा सहज बोलून गेला की तू आतच बरा, तुला बघून गिऱ्हाईक दबकतं. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, आणि हाच तर सगळा वैताग आहे. काचांच्या खोक्यात एक पातळ कागद येतो. त्यावर तीच सूचना सहा भाषांत छापलेली असते, काच कोरड्या कापडाने पुसू नये. ओळीखाली ओळ लावून, कुठला शब्द कुठं गेला ते ताडून, मी त्या कागदावरून भाषा शिकायला लागलो. मग रद्दीतून व्याकरणं आणली. आज चार भाषांतलं वर्तमानपत्र मी अडखळत का होईना वाचतो. हे दुकानात कोणाला माहीत नाही. टेबलावरही नाही. साडेसहा फुटांच्या माणसाला तू काय वाचतोस असं कोणी विचारत नाही, कपाट सरकवशील का असं विचारतात.

गेल्या रविवारी माझा अर्धदैत्य मेला आणि तो खेळ तिथंच संपला. पुलावर उभा राहिला, बाकीचे पलीकडे पळाले, आणि त्यानं सात घाव घेतले. डेंटिस्टचे डोळे भरून आले होते. भाचीनं तर माझा हात धरला. खरं सांगतो, मला आवडलं. रडणाऱ्या माणसांच्या मध्ये बसून मी आतल्या आत फुगलो. मग घरी जाताना, भर उजेडात, भाजीवाल्यांच्या गाड्यांमधून चालताना एकाएकी वाटलं की मेला ते बरं झालं, सुटलो. कोण सुटलं, तो की मी, हे तेव्हा नीट कळलं नाही. सोमवारी यंत्र थंड होईपर्यंत जी पंधरा मिनिटं मिळतात त्यात मी कागद काढला. नवे आकडे त्याच दिवशी पडून ठरलेले होते, सगळ्यांना माहीत होते. ते मी उलटे मांडले. छाप अठरा. बुद्धी सतरा. आणि ताकद चार. ताकदीच्या चौकोनात चार लिहिताना चक्क दाराकडे बघून घेतलं, जसं काही चोरी करतोय. वंश ठेंगू. काम दुभाष्या. नऊ भाषा येतात, हत्यार येत नाही. उंची कमरेइतकी. त्याला कोणीतरी नदी पार करताना उचलून घेईल, हे लिहिलं नाही, पण ते मनात होतं. उचलून घेतल्यावर तो वरून काय काय बोलेल तेही मनात होतं.

आता टेबलाशी प्रत्येकजण आपापला नवा माणूस सांगत होता. डेंटिस्टनं मांत्रिक केला होता, काटकपणा पाच. फुंकर मारली तर उडेल, पण आग अशी टाकतो की गाव पेटेल, असं तो कौतुकानं सांगत होता. नकाशेवाल्याचा चोर, कुलपं उघडणारा, चिलखत घातलं तर आवाज होतो म्हणून न घालणारा. भाचीची तिरंदाज एल्फ, लांबून बाण सोडणार, शत्रू पाच पावलांवर आला की संपली. तिनं तिच्या धनुष्यालासुद्धा नाव दिलं होतं. तिघांचे कागद एकाखाली एक वाचले तेव्हा मला दिसलं ते असं की ही तीन माणसं नाहीतच. ही तीन झाडं आहेत, मधल्या भिंतीला रेलून वाढलेली. प्रत्येकानं आपला एकेक गुण गगनाला नेला होता आणि त्याची किंमत काटकपणात दिली होती, बेधडक, कारण मामा पुढं आहेच. माझा कागद त्यांनी कशासाठी भरला? प्रेमानं. पण प्रेमानं भरलेला कागद शिवीपेक्षा वाईट. शिवी दिली तर उलटून देता येते.

मी तेरा वर्षांचा असताना वडिलांची डावी बाजू गेली. तेव्हाच मी दादाच्या डोक्यावरून दिसायला लागलो होतो. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. वडिलांना उचलायची एक रीत आहे. त्यांच्या गुडघ्यांमध्ये आपला गुडघा घालायचा, काखेतून हात घेऊन पाठीमागे गुंफायचे, तीन म्हणताना उठायचं, आणि मग हळूच वळायचं. सकाळी पलंगावरून खुर्चीत, दुपारी खुर्चीतून पलंगावर, मधे संडास. नऊ वर्षं. घरी कोण आलं की वडील सांगायचे, थोरल्याला डोकं दिलंय, धाकट्याला अंग. हे ते अभिमानानं सांगत, आम्हा दोघांच्या अभिमानानं. दादानं एकदा उचलून बघितलं, त्याच्या पाठीत उसण भरली, आई म्हणाली राहू दे रे, त्याला सवय आहे. त्याला म्हणजे मला. दादाची पाठ तेव्हापासून नाजूक ती आजतागायत. मी विचार करतो, माझी पाठ घरात नसती तर त्याची पाठ नाजूक राहिली असती का? तो पुढं परक्या भाषा शिकला, आता शिकवतो. आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. वडिलांना उचललेलं असताना त्यांचं तोंड माझ्या खांद्यावर यायचं, आणि तेवढ्या वेळात ते माझ्या खांद्यावरून मागं बसलेल्या दादाशी बोलायचे. काय वाचतोस, आज काय शिकवलं, तो शब्द कसा उच्चारतात. त्यांचा श्वास माझ्या कानाला लागायचा. बोलणं माझ्या कानावरून पुढं जायचं. मी तीन म्हणायचो आणि वळायचो.

मी खिशातून कागद काढला, घड्या उलगडल्या आणि भाचीनं काढलेल्या चित्रावर ठेवला. म्हणालो, मी हा आणलाय. आधी हशा झाला. डेंटिस्टनं मोठ्यानं वाचून दाखवला, ठेंगू, दुभाष्या, ताकद चार, आणि चारला त्याचा आवाज फुटला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसणं आवरलं. नकाशेवाल्यानं चष्मा काढला, तो मीच केलेला, शर्टाला पुसला, कोरड्या, आणि विचारलं, "मामा, मग मार कोण खाणार?"

यात लबाडी नव्हती. पाऊस आला तर छत्री कोणाकडे आहे असं विचारावं तसं त्यानं विचारलं. मी म्हणालो, "मार खाणारा पाहिजेच, असं नियमांच्या पुस्तकात कुठल्या पानावर लिहिलंय ते दाखवा." माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. दवाखान्यातली काचेची भांडी किणकिणली, किंवा मला तसं वाटलं. त्यावर बराच वेळ ज्याचं त्याचं चाललं. डेंटिस्ट म्हणत होता की त्याचा विरोध नाही, फक्त आधी सांगायचं, त्यानं मग मांत्रिक वेगळा केला असता. नकाशेवाला म्हणाला पहिल्याच तासाला सगळे मरू, पैज लावा. मी म्हणालो मरू. हे म्हणताना मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

भाचीनं चित्राचा कागद माझ्या कागदाखालून ओढून घेतला, दुमडला, पर्समध्ये ठेवला. मग खोडरबर घेतलं आणि स्वतःच्या कागदावरचे आकडे खोडायला लागली. चपळाईतले सतरा खोडले, काटकपणाकडे पेन्सिल नेली. मी विचारलं काय करतेस. ती म्हणाली, काही नाही मामा, कोणीतरी पुढं लागेल ना. मला हे आधीपासून माहीत होतं. आठ दिवस मी ठेंगूला घेऊन त्या जगात मनानं हिंडत होतो, आणि तो कधीच सर्वांत पुढं नव्हता, त्याच्या पुढं कोणीतरी चालत होतं, नदीत त्याला उचलत होतं. ते कोण हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. आता बघितलं तर तिचीच पाठ दिसली. तरुण आहे, उत्साही आहे, तिला जमेल. मी कागदावर काही लिहिलं नव्हतं. वडिलांनी तरी कुठं काही लिहिलं होतं? मी तिचं मनगट धरलं. म्हणालो, तू तुझं बदलू नकोस. ती म्हणाली, मग? मी म्हणालो, मला माहीत नाही. तिनं सतरा परत लिहिले, पण पहिल्याइतके गोल आले नाहीत.

मास्तरीण प्रत्येक कागद तपासते आणि कोपऱ्यात बरोबरची खूण करते, ती झाली की बदल नाही. माझ्या कागदावर तिची पेन्सिल अडली. शाळेत उत्तर बरोबर पण रीत चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाली, "मामा, आपल्याकडे बोलण्याला फासे नाहीत. लक्षात आहे ना?"

नव्हतं. आमच्या टेबलावरचा हा सगळ्यांत जुना नियम. इतर ठिकाणी समोरच्याला पटवायचं असेल तर छापेचा आकडा घेऊन फासा टाकतात, पडलं दान की पटलं. आमच्याकडे तलवारीला फासे, पण बोलायचं ते तोंडानं बोलून दाखवायचं, आणि पटलं का ते मास्तरीण ठरवणार. म्हणून आमच्याकडे कोणीही छापेत आकडा घालत नाही, तो वाया जातो. नियम केला तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. सहा वर्षं मी त्या नियमाखाली खेळलो आणि मला तो कधी लागलाच नाही, कारण माझा अर्धदैत्य बोलतच नव्हता. अठरा, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा आकडा, मी जिथं तो शून्याबरोबर आहे तिथं नेऊन ठेवला होता. नकाशेवाला म्हणाला, गेले अठरा पाण्यात. मास्तरीण म्हणाली, अजून खूण केलेली नाही, हवं तर बदला. सगळे थांबले. बदललं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं, उलट सुटकेचा श्वास टाकला असता, डेंटिस्टनं चहा मागवला असता. माझे खांदे आपोआप पुढं आले होते, ओझं घेताना येतात तसे. मी म्हणालो, खूण करा.

आणि खेळ लागला. मास्तरीण सांगायला लागली की भर दुपार आहे, माळ आहे, तुम्ही चौघे पळताय, मागं धूळ दिसतेय, घोडेस्वार आहेत, वीसेक. समोर तटबंदीचं गाव आहे आणि वेस बंद आहे. डेंटिस्ट म्हणाला, आपल्यात पुढं कोण, आणि तिघांच्या माना माझ्याकडे वळल्या. सवयीनं. मग माझ्या कागदाकडे वळल्या. मी म्हणालो, मी दार वाजवतो. मास्तरणीनं पहारेकऱ्याचा आवाज काढला. ती हे चांगलं करते, आवाज जाड होतो, डोळे बारीक. कोण आहात, तिनं विचारलं, इथं काय काम, आणि मागची धूळ कोणाची.

ती माझ्याशी बोलत होती. माझ्या खांद्यावरून नव्हे. सगळी खोली माझं ऐकायला थांबली होती. आठ दिवसांत मी ठेंगूची किती वाक्यं तयार केली होती, नऊ भाषांतली, गोड, तिरकस. त्यातलं एक वाक्य सापडेना. मी उभा राहिलो, कशाला ते माहीत नाही, आणि उभा राहिल्यावर जास्तच विचित्र वाटलं, साडेसहा फुटांचा माणूस कमरेइतक्या माणसाचं बोलणं शोधतोय. शेवटी जे आलं ते असं आलं. मी म्हणालो, आम्ही चौघे आहोत, आमच्यात झुंजणारा कोणी नाही, एकाला कुलपं येतात, एकाला आग, एकीला लांबून बाण, मला भाषा, आम्हाला आत घ्या. नकाशेवाल्यानं कपाळाला हात लावला. असं कोणी पहारेकऱ्याला सांगतं का? जाड आवाजानं विचारलं, "मग तुमच्या पुढं कोण उभं राहतं?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "म्हणून तर दार वाजवलं."

मास्तरणीच्या डोळ्यांत पहारेकरी होता, आणि त्याच्या मागं ती स्वतः होती, आणि दोघांचं एकमत होत नव्हतं. मग तिनं सांगितलं की पहारेकरी मुकादमाला विचारायला गेलाय. म्हणजे पटलं नाही असं नाही, पण वेळ लागेल. आणि घोडेस्वार आले. ज्याची भीती होती ते झालं. डेंटिस्टची आग एकदा पेटली, दुसऱ्यांदा विझली. चोर वेशीच्या फटीत बोटं घालत राहिला. मला करण्यासारखं काही नव्हतं, ताकद चार, मी भिंतीला पाठ लावून उभा होतो आणि मला ती भिंत पाठीला खरोखर लागत होती. भाची म्हणाली, मी चार पावलं पुढं जाते. मी तिला नको म्हटलं. ती म्हणाली, मामा, मला वाटतंय म्हणून जातेय, आणि माझ्याकडे न बघता फासे घेतले. तिचे तीन बाण लागले. मग घोडे पाच पावलांवर आले. चौथ्या दानाला तिची एल्फ गेली, धनुष्यासकट. तेवढ्यात वेस कोपरभर उघडली आणि आम्ही तिघे आत शिरलो.

भाची हसली, पण खालचा ओठ दातांत धरून. आठवडा घालवला होता तिनं त्या एल्फवर. कोणी मला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, माझ्याकडे भांडण तयार होतं. पुढं गेली ती तिच्या मनानं गेली, आणि मी मागं उभा होतो, हे दोन्ही खरं होतं आणि दोन्हीमध्ये मला बसायला जागा नव्हती. दादाला नऊ वर्षं असंच वाटत असेल का, हा विचार आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि मला तो नकोसा झाला. दादाला इतक्या स्वस्तात सोडायची माझी तयारी नव्हती. अजून नाही.

मास्तरणीनं कोरा कागद काढून भाचीपुढं ठेवला. मी तिच्या डावीकडे बसतो, म्हणून तिचे फासे माझ्याकडे आले. पहिलंच दान पडलं अठरा. दुसरं सतरा. डेंटिस्टनं भुवया वर केल्या. आत गावात तीन नाजूक माणसं उभी होती, वेशीबाहेर वीस घोडे, आणि आता हे आकडे. नकाशेवाल्यानं बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं मिटलं. बाकीचे चार आकडे पडले, मी ते कागदाच्या कडेला लिहिले. तिनं पेन्सिल उचलली आणि विचारलं, "मामा, आता मी कोण होऊ?"

उत्तर जिभेवर आलेलं होतं. एका शब्दाचं उत्तर, ढालकरी, चौघांच्याही तोंडात तोच शब्द होता, आणि ती तो मुकाट्यानं लिहिणार होती, हेही मला दिसत होतं. मी फासे मुठीत घेतले. ते घामानं ओले झाले होते. मी तिला सहा आकडे एकेक करून वाचून दाखवले आणि गप्प बसलो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग कागदाकडे. पेन्सिल चौकोनांवरून फिरली, थांबली, पुन्हा वर गेली. खूप वेळ लागला. कोणी तिला काही सांगितलं नाही.